अप्पांचा पाय आणि माझं पत्रक

मी ब्रदरना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या वडिलांचा डावा पाय त्यांच्या मांडीवर होता.

धारवाडला केलगेरीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत एक खुर्ची. खुर्चीवर अप्पा, आणि त्यांच्यासमोर पाटाएवढ्या बुटक्या स्टुलावर साठीचा एक माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात दोऱ्याला लाकडी क्रूस, गुडघ्यांवर पांढरा टॉवेल आणि टॉवेलवर तो पाय. करंगळी नसलेला. त्या माणसाचा चेहरा जखमेच्या इतका जवळ होता की मी दारातच थांबले. आणि लगेच मनात प्रश्न आला: या माणसाला आमच्याकडून काय हवं आहे?

हा प्रश्न मला घरातूनच मिळालेला. अप्पा हुबळीत गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, आणि कामावरून आले की पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली पत्रकांचे गठ्ठे. एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. अडखळत का होईना, मी वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य असं होतं: ‘फुकट मिळतं आहे त्याच्या मागे कोण उभं आहे ते आधी बघा!’ उद्गारचिन्हासकट मला ते अजून दिसतं.

आमच्या घराचा दुसरा नियम पायांचा. आमच्याकडे कुणी कुणाच्या पाया पडत नाही. अप्पांनी लहानपणी आपल्या वडिलांना गावात दर सणाला कुणाकुणाच्या उंबऱ्यासमोर डोकं टेकताना पाहिलं होतं. त्यांनी पत्रकांमधून धम्मदीक्षेचा अर्थ लोकांना सांगितला तो एवढाच, की आता मान सरळ ठेवायची. चुलतभावाच्या लग्नात नवी नवरी वाकली तेव्हा अप्पांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर ओढून घेतले होते, सगळा मांडव हसला होता. घरात ते नेहमी मांडी घालून बसत, पाय लुंगीखाली. मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत माझ्या बापाचे तळपाय पाहिले नव्हते. आईनेही किती पाहिले असतील, शंकाच आहे.

हे मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. आणि नेमकं याच नियमाने आम्हाला फसवलं. अप्पांना शुगर होती, पायांना मुंग्या येत, मग त्या यायच्याही बंद झाल्या. लेथवरून उडालेला लोखंडाचा गरम तुकडा बुटात शिरला आणि तसाच रुतून राहिला. त्यांना कळलंही नाही. मोज्यावर डाग दिसले तेव्हा त्यांनी मोजे बदलले. पाय कुणाला दाखवायचा तर त्या माणसाला खाली वाकावं लागणार, आणि ते त्यांना नको होतं. घरात वास यायला लागला. आई म्हणाली, कपाटामागे उंदीर मेलाय. आम्ही दोघींनी दोन दिवस कपाट हलवलं, ट्रंका हलवल्या, फिनेलने फरशी पुसली. अप्पा पत्रकाचं प्रूफ तपासत मांडी घालून बसले होते आणि आम्ही त्यांच्या भोवती उंदीर शोधत होतो.

सरकारी दवाखान्यात करंगळी गेली. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, तळव्याची जखम खोल आहे, अडीच महिन्यांनी पाहू, भरली नाही तर गुडघ्याखाली कापावं लागेल. पट्टी कोण बदलणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. वॉर्डातल्या आयाने आईला बाजूला घेऊन केलगेरीचा पत्ता दिला. आई-अप्पा मला न सांगता पंधरा दिवस तिथे जात होते. का नाही सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. क्रूस पाहून मी काय बोलले असते, ते दोघांनाही ठाऊक होतं.

तर त्या दिवशी, त्यांच्या मागोमाग येऊन, मी दारात उभी.

“ही आमची मुलगी,” अप्पा म्हणाले. “लिहिते. भांडते पण.”

“या अक्का,” ब्रदर मान वर न करता म्हणाले. “उजेडातून जरा सरका.”

त्यांची मराठी खानापूरकडची, कोकणीच्या हेलाची. मी सरकले, पण गप्प राहिले नाही.

“फादर, तुमची फी किती?”

“फादर नव्हे, ब्रदर. फादर चर्चमध्ये मिस्सा म्हणतात, बाप्तिस्मा देतात. ब्रदर नळ दुरुस्त करतात.” चिमट्याने त्यांनी जखमेतून कापसाचा बोळा काढला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. “फी नाही.”

“मग तुम्हाला काय मिळतं?”

“दुपारचं जेवण.”

“आणि?”

“रात्रीचं पण.”

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी चिडले. विनोद करून प्रश्न टोलवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. बहुतेक सगळी निवडणुकीला उभी असतात.

मी मग दर खेपेला सोबत जायला लागले. अप्पांच्या काळजीने जात होते असं सांगायला आवडलं असतं. मी पाळत ठेवायला जात होते. भिंतीवर कसली चित्रं आहेत, कपाटात कसली पुस्तकं आहेत, कोण येतं, कोण जातं. भिंतीवर पायाच्या हाडांचा तक्ता होता आणि एक कॅलेंडर. कपाटात गॉजच्या पट्ट्या. यामुळे माझा संशय वाढला. इतकी स्वच्छ जागा म्हणजे खरी गोष्ट दुसरीकडे ठेवली असणार.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला मला एक गोष्ट सापडली. हात धुताना ब्रदरचे ओठ हलत.

“काय म्हणता हो तुम्ही?”

“आकडे. चाळीसपर्यंत हात चोळायचे असतात.”

“आज चाळीसच्या पुढे गेलात.”

त्यांनी नळ बंद केला. “पुढे प्रार्थना असते.”

“कुणासाठी?”

“ज्याचा पाय असेल त्याच्यासाठी.”

“त्याला न विचारता?”

मला वाटलं, आता उपदेश येणार, परमेश्वर सगळ्यांचा वगैरे. ब्रदर टॉवेलला हात पुसत अप्पांकडे वळले. “खरं आहे. विचारायला हवं होतं. अण्णा, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?”

“नको,” अप्पा म्हणाले.

“बरं.”

आणि खरोखर, त्या दिवसापासून अप्पांची पाळी आली की ब्रदरचं हात चोळणं चाळीसला थांबे. मी मोजत असे. तरी मला खात्री नव्हती. मनातल्या मनात म्हणत असतील तर कोण पकडणार?

मी बाकावरच्या लोकांची चौकशी सुरू केली. चर्चला बोलावलं का, वही-पुस्तक दिलं का, पोरांना शाळेत घेतो म्हणाले का. अळणावरकडची एक आजी होती, दोन्ही पायांना बँडेज, तोंड मात्र कात्रीसारखं चालणारं. ती मला धाकटी बहीण करून कन्नडमध्ये म्हणाली, “तंगी, एवढी चौकशी माझ्या लग्नात सुद्धा झाली नव्हती. झाली असती तर बरं झालं असतं.” तिच्या शेजारी एक हमाल बसला होता. तो म्हणाला, “मीच विचारलं त्यांना, रविवारी येऊ का तुमच्या चर्चला? तर मला म्हणाले, एवढं चालू नका, टाच फुटेल.”

बाकभर हशा. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली एक शब्द टाकला: ‘पढवलेले?’

मग खोलीचं काम बघायला पाहुणे आले. कुठल्याशा मोठ्या शहरातून दोन गाड्या, आठ-नऊ माणसं, गळ्यात कॅमेरे. ब्रदर नेहमीसारखे स्टुलावर, मांडीवर अप्पांचा पाय. एका बाईने न विचारता फोटो काढला, मग दुसऱ्याने काढला, मग एकाने अप्पांना हाताने खूण केली, चेहरा जरा इकडे करा. माझे वडील, ज्यांनी आयुष्यभर मान सरळ ठेवायला सांगितलं, त्यांनी खूण केली तिकडे मान वळवली. ब्रदर काही बोलले नाहीत. मी बोलले. इंग्रजीत, मोठ्याने. पाहुणे माफी मागत बाहेर गेले, फोटो मात्र त्यांच्याबरोबर गेले.

घरी आल्यावर मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. वरच्या अर्ध्या भागात ब्रदर: आमच्या जखमा तुमच्या प्रदर्शनासाठी नाहीत! सेवेच्या नावाखाली गरिबाचा चेहरा वापरणं थांबवा! न विचारता फोटो, न विचारता प्रार्थना, हा कुठला न्याय! खालच्या अर्ध्या भागात सरकार: दवाखान्यात पाय कापायला डॉक्टर आहे, मग पट्टी बदलायला माणूस का नाही? गरिबाला फुकटच्या दारात कोण ढकलतं? याचं उत्तर एका ब्रदरला हाकलून मिळणार नाही, हेही शेवटच्या ओळीत होतं.

अप्पांनी वाचलं. कन्नड बाजूच्या दोन चुका सुधारल्या. मग म्हणाले, “खालचं वर घे.”

“वरचं जोरदार आहे, अप्पा.”

“म्हणूनच सांगतो. लोक अर्धं पत्रक वाचतात. वरचं अर्धं. तीस वर्षं वाटतोय मी.”

मी ऐकलं नाही. वरच्या ओळी मला पाठ झाल्या होत्या, इतक्या त्या मला आवडल्या होत्या. मी पत्रक छापलं आणि धारवाडच्या बसस्टँडवर, कॉलेजांच्या दारात, गोकुळ रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर वाटलं.

पाच दिवसांनी तेच पत्रक मला परत मिळालं. फक्त वरचा अर्धा भाग. माझी वाक्यं, माझी उद्गारचिन्हं, आणि खाली सरकारला विचारलेल्या माझ्या प्रश्नांच्या जागी दुसऱ्याच, धर्मरक्षक म्हणवणाऱ्या मंडळींनी मोठ्या अक्षरांत धर्मांतराचा आरोप छापला होता. ज्या मंडळींच्या विरोधात अप्पांनी निम्मी पत्रकं लिहिली, तीच मंडळी. माझ्या हातात कागद देणाऱ्या माणसाने वर मला सांगितलं, “वाचा ताई, तुमच्याच समाजाच्या कुणीतरी लिहिलंय.”

त्याच आठवड्यात आठ-दहा मोटारसायकली केलगेरीला गेल्या. मारहाण झाली नाही. गेटला साखळी लागली, घोषणा झाल्या, पोलीस आले आणि म्हणाले, वातावरण शांत होईपर्यंत खोली बंद ठेवा. अळणावरची आजी दोन बस बदलून आली आणि साखळी बघून परत गेली, हे मला नंतर कळलं.

अप्पांची पहिली पट्टी चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्या वेळेला आईने धीर करून पट्टी ओढली तेव्हा गॉजबरोबर नवी कातडीही आली आणि रक्त फरशीवर गेलं. आईने फरशी पुसून घेतली. अप्पा म्हणाले, “अजून पाच आठवडे आहेत डॉक्टरला.” पाच आठवडे म्हणजे किती पट्ट्या, याचा हिशेब तिघांनीही मनात केला असावा.

मी ब्रदरच्या राहत्या घरी गेले. तीन ब्रदर राहत होते तिथे, एक बैठं घर, अंगणात पपईचं झाड. ते मागच्या पायरीवर बसून मिक्सरचं भांडं खोलत होते.

“पत्रक वाचलंत?” मी उभ्याउभ्या विचारलं.

“दोन्ही वाचली. तुमचं आणि त्यांचं. तुमचं जास्त चांगलं आहे.”

“मग शिव्या द्या की मला.”

“आज अण्णांच्या ड्रेसिंगचा वार. पाय कसा आहे?”

मी सांगितलं. कातडी आली म्हटल्यावर त्यांनी मिक्सर बाजूला ठेवला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला. “सुकलेलं ओढलं? सलाईनने भिजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग.”

“तुम्ही घरी चला.”

“नाही येता येणार. कुणाच्या घरी जायचं नाही, असा आदेश आहे आम्हाला वरून. माझ्यामुळे बाकीच्यांना त्रास नको.”

“आदेश!” मी म्हणाले. “पाय सडला तरी आदेश?”

“हो,” ते म्हणाले. चेहरा उतरला होता त्यांचा, पण हो म्हणाले. हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. माणसाने आपली बुद्धी दुसऱ्याच्या सहीखाली ठेवावी, हे मी कुठल्याच धर्माच्या झग्याकडून ऐकून घेणार नाही.

“फोटोचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे,” ते पुढे म्हणाले. “मी नको म्हणायला संकोचलो. पाहुणे होते. मी त्यांना पत्र पाठवलंय, फोटो वापरू नका म्हणून.”

“ते ऐकतील?”

“ठाऊक नाही.” मग ते उठले. “अक्का, पट्टी तुम्हालाच करावी लागेल. बसा. शिकवतो.”

आतून त्यांनी पेटी आणली, बुटकं स्टूल आणलं. मला स्टुलावर बसवलं, पायरीवर स्वतः बसले आणि आपला पाय पुढे केला. टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याचं नख काळं. मी हात मागे घेतला.

“धुतलेला आहे,” ते म्हणाले.

“त्याचं नाही.”

“मग?”

मी त्यांना घरातला नियम सांगितला. लग्नातली नवरी, उंदीर, कपाट, सगळं. ते ऐकताना हसले नाहीत. पायाच्या काळ्या नखाकडे बघत म्हणाले, “अण्णांनी पहिल्या दिवशी तासभर पाय दिला नव्हता मला. मला वाटलं, दुखत असेल म्हणून.” मग एकदम कामावर आले. “हं. घोट्याखाली धरा. तिथे नाही, इथे. बोटं मोकळी. दर वेळी आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग हात लावायचा. गेल्या वेळेपेक्षा बरं आहे असं कधी धरून चालायचं नाही.”

त्यांनी मला जखमेचा नकाशा काढायला शिकवलं. धुतलेली पारदर्शक पिशवी कापून जखमेवर धरायची आणि कडेकडेने पेन फिरवायचं. दर आठवड्याला एक. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस माझ्यापेक्षा जास्त संशयी आहे. फक्त त्याचा संशय माणसांवर नसतो.

घरी वेगळंच भांडण उभं राहिलं.

“माझ्या मुलीने माझ्या पायाशी बसायचं नाही,” अप्पा म्हणाले.

“त्या परक्या माणसाने बसलेलं चाललं!”

“ते त्याचं काम. त्याने ते निवडलंय.”

“मीही निवडतेय.”

“तू घाबरून करतेयस. पत्रकामुळे.”

खरं होतं. तेवढ्यात आई अंगणात गेली आणि शेजारच्या बांधकामावरून विटा आणायला लागली. चार-चार विटांवर तिने खाटेचे पाय चढवले. “घ्या,” ती म्हणाली. “आता ती उभी राहील. कुणी कुणाच्या पायाशी बसायला नको. नियमच पाळायचा तर डोकं लावून पाळा.”

अप्पा आईकडे बघत राहिले. मग खाटेवर चढले, आडवे झाले. “मिरवणुकीत ठेवल्यासारखं वाटतंय.”

“घोषणा देऊ का?” आई म्हणाली.

मी उभी राहून पट्टी बदलली. पहिल्या दिवशी मी इतकी चाचपडत होते की अप्पांनी छताकडे बघत मला जुन्या पत्रकांचे मथळे म्हणून दाखवले, मन दुसरीकडे जावं म्हणून. बघायचं, वास घ्यायचा, हात लावायचा. पहिल्या आठवड्याचा नकाशा आणि दुसऱ्याचा एकावर एक ठेवले तेव्हा दुसरा लहान दिसला. मी लगेच स्वतःवर शंका घेतली: लहान हवा म्हणून माझा हात आत वळला असेल. पुन्हा काढला. तेवढाच आला. पण तेवढाच म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा फरक. त्यावर पाय वाचेल की नाही, काय सांगणार.

त्याच दिवसांत मी दुसरं पत्रकही काढलं. यावेळी सरकार वर आणि मी खाली: पहिलं पत्रक मी लिहिलं, अर्धं चोरून वापरलं गेलं, माझ्या वडिलांना कुणी धर्म बदलायला सांगितलेलं नाही. ते कुणी वाचलं नाही. खुलासा वाचायला लोक थांबत नाहीत. मग मी गावोगाव फिरून बाकावरच्या लोकांना गोळा केलं आणि पोलीस स्टेशनला जबाब द्यायला नेलं. अळणावरची आजी रांगेत मला म्हणाली, “आधी तू विचारलंस, आता हे विचारतायत. एकदाच सगळे मिळून विचारा की.” आत गेल्यावर तिने साहेबांना बँडेज बांधलेले दोन्ही पाय टेबलावर ठेवून दाखवले.

खोली उघडली. आणि उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रदरची बदली झाली, राज्याच्या सीमेपलीकडे डोंगरातल्या कुठल्याशा गावात. त्यांच्या जागी एक तरुण ब्रदर आला. मी निरोप घ्यायला गेले असं म्हणता येणार नाही. मी जाब विचारायला गेले.

“माझ्या पत्रकामुळे का?”

“सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“आमच्यात विचारत नाहीत.”

“चुकतंय तुमचं.”

“असेल,” ते म्हणाले. त्यांची बॅग एवढीशी होती, शाळेच्या पोराची असते तेवढी. मला ती बघूनही वाटलं, की एवढ्याशा बॅगेचाही एक दिमाख असतो. मी तसं म्हणालेही. ते म्हणाले, “असतो. फार मोठा असतो. तो सोडणंच जड जातं.” तेवढ्यात बस आली.

डॉक्टरांची तारीख आली तेव्हा तिघं गेलो. डॉक्टर तेच, घाईही तीच. त्यांनी पट्टी सोडली, एक बारीक सळई जखमेत घातली. अप्पा भिंतीकडे बघत होते. आईने माझा दंड धरला होता, नखं रुतत होती. सळई थोडीशीच आत गेली.

“हाडापर्यंत जात नाही,” डॉक्टर म्हणाले. “भरतेय. कापायचं काही कारण नाही. ड्रेसिंग कुठे केलं?”

“केलगेरीला,” अप्पा म्हणाले. “आणि विटांवर.”

डॉक्टरांना ते कळलं नाही, पण विचारायला त्यांना वेळ नव्हता.

बाहेरच्या व्हरांड्यात आई एकदम खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. अप्पा म्हणाले, “त्यांना फोन लाव.”

डोंगरात रेंज नसावी, तिसऱ्यांदा लागला. मी सांगितलं, हाडापर्यंत जात नाही म्हणाले. मग ब्रदर म्हणाले, “चांगलं. आणि दुसरा?”

“दुसरा काय?”

“दुसरा पाय, अक्का. डाव्यावर भार द्यायचा नाही, म्हणजे इतके आठवडे सगळा भार उजव्याने घेतलाय. रोज बघता ना?”

मी बघितला नव्हता. एकदाही नाही. चांगला पाय म्हणून आम्ही तिघांनी त्याला सोडून दिलं होतं.

फोन चालूच ठेवून मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. “अप्पा, उजवा बूट काढा.”

“त्याला काय झालंय?”

“काढा.”

मी बूट काढला, मोजा उतरवला. अंगठ्याच्या खाली, तळव्यावर, वाटाण्याएवढा काळपट डाग होता.

“ग्रीस असेल,” अप्पा म्हणाले. “तीस वर्षांचं. जात नाही ते.”

आईने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून दिलं. मी रुमालाने घासलं. पुन्हा घासलं. कडेची कातडी टणक लागत होती आणि मध्ये दाबलं की मऊ. अप्पांना काही जाणवत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

“निघालं का?” फोनमधून ब्रदरनी विचारलं.

“नाही.”

“मग परत आत जा. आत्ताच. उद्या नको.”

अप्पांनी मोजा हातात घेतला, बूट आईने घेतला, आणि आम्ही परत जाऊन रांगेत उभे राहिलो.